फाटकाबाहेरचे पालक : उन्हाळी शिबिरासंबंधी एक टिपण

उन्हाळी शिबिरांविषयी जे काही लिहिले जाते, ते बहुधा मुलांना समोर ठेवून लिहिले जाते. शिबिरामुळे मुलांच्या सुप्त गुणांना वाव मिळतो, ती धीट होतात, चारचौघांत मिसळायला शिकतात, वगैरे. शिबिरांच्या पत्रकांवर हेच छापलेले असते आणि ते खोटेही नाही. परंतु मुलाला फाटकाशी सोडून मागे फिरणाऱ्या माणसाच्या मनात त्या वेळी काय चालते, याचा उल्लेख पत्रकात नसतो. आणि आम्हाला असलेल्या विकासात्मक मानसशास्त्राच्या पुस्तकातही तो शोधूनच काढावा लागतो. प्रस्तुत लेखात तेवढ्या एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. सोलापुरात मे महिन्यात भरणाऱ्या एका अनिवासी शिबिरात मी सलग दोन वर्षे स्वयंसेविका म्हणून काम केले. अनिवासी म्हणजे मुलांनी सकाळी यायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी जायचे. आमची वेळ साडेसात ते साडेअकरा. कारण त्यानंतर सोलापूरच्या उन्हात मोठी माणसेही रस्त्यावर दिसत नाहीत, मग मुलांची काय कथा! माझे काम फाटकावर हजेरी घेण्याचे होते. त्यामुळे शिबिरातील मातीकाम, लेझीम आणि गोष्टी यांपेक्षा फाटकाबाहेरची माणसेच मी अधिक पाहिली.

शिबिर ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आली, हे खरे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातले फ्रेडरिक गन नावाचे एक शिक्षक १८६१ साली आपल्या शाळेतील मुलांना समुद्रकाठी घेऊन गेले आणि तेथे त्यांनी तंबू ठोकले. तेथून संघटित उन्हाळी शिबिरांचा आरंभ मोजण्याची पद्धत आहे. आपल्याकडे १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची शिबिरे जुन्या पिढीच्या परिचयाची आहेत. पुण्यात १९८५ साली गरवारे बालभवन सुरू झाले आणि मुलांनी रोज काही तास एकत्र येऊन नुसते मनसोक्त खेळावे, याला एक प्रतिष्ठा मिळाली. आज तर गल्लोगल्ली शिबिरांचे फलक लागतात. इतिहास एवढा पुरे.

पण उन्हाळ्यात मूल घरापासून दूर जाणे आपल्याला नवे आहे काय? मुळीच नाही. वार्षिक परीक्षा संपली, की मामाच्या गावाला जायचे, ही आपली जुनी रीत. महिना-महिना मुले तिकडे राहत, विहिरीत उड्या मारीत, चिंचेवर चढत, कधी पडत आणि कधी तापाने फणफणत. तरी त्या काळच्या आया फाटकाशी उभ्या राहून डोळे टिपत होत्या, असे कोणी सांगत नाही. मग चार तासांच्या शिबिराने आईचा जीव वरखाली का व्हावा?

मला त्याचे उत्तर असे दिसते. मामाचा गाव म्हणजे आईचे माहेर. पुष्कळदा आई स्वतःच मुलांबरोबर जाते. आणि गेली नाही, तरी मूल जाते ते तिच्याच माणसांत. तिथली विहीर किती खोल आहे, कोणाचे कुत्रे चावरे आहे, आजी कोणत्या वेळी चिडते आणि कोणत्या वेळी लाडू देते, हे तिला तोंडपाठ असते. मूल नजरेआड असले, तरी ते या घटकेला कोठे असेल, याचे चित्र ती डोळ्यांपुढे उभे करू शकते. शिबिराच्या फाटकापलीकडचे चित्र तिच्यापाशी नसते. अंतर थोडे असते, पण अपरिचय फार असतो. तेव्हा येथे प्रश्न विरहाचा जितका आहे, त्याहून अधिक या अपरिचयाचा आहे. पुढील सर्व विवेचन याच एका मुद्द्याभोवती आहे.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मूल दूर जाते, तेव्हा मोठ्यांच्या मनाला आधार द्यायला समाजाने काही रीती निर्माण केल्या होत्या. मुंजीत मातृभोजन असते. मुलगा गुरूकडे जाण्यापूर्वी आई त्याला जवळ घेऊन जेवते. आमच्या घरात मुंज नाही, त्यामुळे हे मी मैत्रिणीच्या घरीच पाहिले. पण त्या एका पंगतीत आईच्या दुःखाला सर्वांदेखत जागा दिली आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटले. मुलीच्या पाठवणीच्या वेळी तर रडणे जवळजवळ सक्तीचे असते. शिबिराच्या फाटकावर अशी काही रीत नाही. तेथे आम्ही स्वयंसेवक उभे असतो आणि दोन मिनिटांत सांगतो, “काकू, आता तुम्ही निघा, तुम्ही दिसलात की तो जास्त रडतो.” हे शास्त्राला धरून असेल, परंतु ज्या बाईला आपण हे सांगतो, तिने त्या क्षणी आपले तोंड कोठे वळवायचे, हे शास्त्राने सांगितलेले नाही.

शास्त्राचा विषय निघाला आहे, तर त्याकडे वळू. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी परीक्षेपुरते पाठ केलेले आहे. आईपासून दुरावलेल्या मुलांसंबंधीचा त्यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली प्रसिद्ध केला आणि १९६९ साली ‘आसक्ती’ या विषयावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात ठेवलेल्या एका लहान मुलीचे चित्रण करून दाखवले. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत आईबापांना मुलांजवळ फारसे थांबू देत नसत. मूल आधी आकांत करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते, हे रॉबर्टसन यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. या कामाचे मोल मोठे आहे. त्यामुळे रुग्णालयांचे नियम बदलण्यास मदत झाली. पण आमचे काही मित्र शिबिराविषयी बोलतानाही बोल्बी यांचा दाखला देतात, तो मात्र गैरलागू वाटतो. ती मुले दोन-तीन वर्षांची, आजारी आणि दिवसच्या दिवस एकटी होती. शिबिरात येते ते मूल सात-आठ वर्षांचे, धडधाकट आणि साडेअकराला घरी परतणारे असते. पहिल्या दिवशी जे मूल रडते, ते बहुधा तिसऱ्या दिवशी फाटकातून आत पळते. मागे राहणाऱ्या माणसाचे मात्र तिसऱ्या दिवशी काय होते?

गंमत अशी, की मानसशास्त्राने मुलाच्या रडण्याचा अभ्यास कितीतरी आधीपासून केला. पण आईच्या बाजूने हाच दुरावा मोजण्याचे एक नीट साधन एलन हॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले ते १९८९ साली. त्या प्रश्नावलीचे तीन भाग आहेत. मुलापासून दूर असताना आईला स्वतःला वाटणारी हुरहूर आणि अपराधी भाव हा पहिला. आपल्या दूर असण्याचा मुलावर काय परिणाम होईल, याविषयीची तिची समजूत हा दुसरा. नोकरीसाठी दूर राहावे लागण्याची काळजी हा तिसरा. मला हा विचार आवडला, कारण यात आईलाही मन असते, हे गृहीत धरलेले आहे. तथापि तिसरा भाग वाचताना मी थबकले. तेथे आई कामासाठी घराबाहेर जाते आणि मूल मागे राहते. आमच्याकडे, म्हणजे सोलापुरातील हजारो घरांत, आई घरातच कामाला बसलेली असते. बाहेर जाते ते मूल.

फाटकावर मला जे पालक भेटत, ते काही एका साच्याचे नव्हते. बँकेत वा शाळेत नोकरी करणाऱ्या काही बायका मुलाला सोडून लगबगीने निघून जात आणि चार पावलांवर गेल्यावर त्यांच्या चालीत एक मोकळेपणा येई. सुट्टीत मूल कोठे ठेवायचे, हा त्यांचा मोठा प्रश्न दहा दिवसांपुरता सुटलेला असे. एकीने मला कबूल केले, की इतके हलके वाटते म्हणूनच वाईट वाटते. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. वडील मंडळी निराळी. ती मोबाइलवर छायाचित्र घेत, मुलाच्या पाठीत एक थाप मारीत आणि “रडायचं नाही, वाघ आहेस ना?” असे म्हणत. ते वाघाला सांगत होते की स्वतःला, हे कळायला मार्ग नव्हता. पालकांसाठी शिबिराचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट होता. त्यावर रोज दहा वाजता छायाचित्रे पडत आणि मग अनेकांचा जीव भांड्यात पडे. ज्यांच्या हाती असा फोन नव्हता, त्यांच्यासाठी दुसरी काही सोय नव्हती.

आता जवळचे उदाहरण घेते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. आई विड्या वळते. दिवसाला हजार विड्या हे बायकांचे सर्वसाधारण माप. पान भिजवायचे, कातरायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे, पंचवीसची बंडले करायची आणि कारखान्यात नेऊन मोजून द्यायची. तेथे हलक्या ठरलेल्या विड्या बाजूला काढतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. या कामात घरातील लहान हातांचा उपयोग होतो, हे उघड गुपित आहे. मी सात वर्षांची असताना आईने मला विडीला दोरा बांधायला शिकवले. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे माझ्या लेखी दोऱ्याचे रीळ. यात मी तिला दोष देत नाही. त्या दोऱ्यावर माझ्या वह्या आल्या आहेत.

माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा झाला, त्या मे महिन्यात मी आईला म्हणाले, की याला शिबिरात घालू. स्वयंसेवकांच्या भावंडांना निम्मे शुल्क होते. आईने प्रथम विचारले, “तिथं काय शिकवत्यात?” मी सांगितले, की काही शिकवत नाहीत, खेळतात. ती बराच वेळ विड्या वळत राहिली. मग म्हणाली, “खेळायला पैसे द्यायचे व्हय?” आणि दुसऱ्या दिवशी पानाच्या डब्याखालून पैसे काढून दिले.

या दोन गोष्टींच्या मध्ये तिच्या मनात काय झाले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एरिक एरिक्सन यांनी १९५० सालच्या आपल्या ग्रंथात बालपणाच्या ज्या अवस्था मांडल्या, त्यांत साधारण सहा ते बारा वर्षांच्या अवस्थेला उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असे म्हटले जाते. या वयात मुलाला काहीतरी हातांनी करून दाखवायचे असते. आपल्या समाजाची हत्यारे ते या वयात हाताळायला शिकते. हे वाचताना माझ्या मनात आले, की दोरा बांधणारे मूलही हेच करीत असते. मला तो बांधता येऊ लागला, त्या दिवशी मी गल्लीभर सांगत फिरले होते. तेव्हा आईपुढे खेळ की काम असा प्रश्न नव्हताच. मुलाच्या हातात कोणते हत्यार द्यायचे, हा प्रश्न होता. आपल्या हातात असलेले एकमेव कौशल्य मुलाला द्यायचे नाही, असे ठरवणे सोपे नसावे. त्यात त्याचे भले आहे, हे तिला समजत होते. पण आपण ज्यात वाकबगार आहोत, ते पोराने शिकू नये अशी इच्छा धरण्यात स्वतःच्या आयुष्याविषयी एक निकाल दिला जातो. तो निकाल ती रोज सकाळी साडेसातला देत होती. प्रश्नावलीच्या तिन्ही भागांत मला या भावनेला जागा सापडली नाही.

पहिले तीन दिवस ती फाटकापर्यंत आली नाही. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली थांबे आणि मला म्हणे, “तू ने त्याला.” कारण विचारले, तर हाताला तंबाखूचा वास येतो, एवढेच बोलली. घरी आल्यावर तिचे प्रश्न ठरलेले असत. पाणी पाजत्यात का? उन्हात बसवत्यात का? शेजारी कोण बसतंय? रडला का, हे तिने एकदाही विचारले नाही. भावाला विचारावे, तर तो सर्व मुलांप्रमाणे “काही नाही केलं” असे सांगून मोकळा होई. मी माझ्या मोबाइलवर छायाचित्र दाखवले, तर तो काय करतो आहे हे पाहण्याऐवजी ती त्याच्या पायात चप्पल आहे की नाही, ते पाही. चौथ्या दिवशी भावाने कोपऱ्यावरूनच धूम ठोकली आणि मागे वळून पाहिले नाही. मला फार आनंद झाला. आईकडे पाहिले, तर ती हसत होती खरी. पण पदराचे टोक तिने बोटाला घट्ट गुंडाळले होते. त्या रात्री तिने एकच विचारले, “माझं नाव काढलं का रे तिथं कुणाजवळ?”

मूल रडले तर वाईट वाटते, हे सर्वांना ठाऊक आहे. मूल रडले नाही, तर जे वाटते त्याला आपल्या भाषेत नेमका शब्द नाही. आणि शिकलेल्या घरांपेक्षा आमच्यासारख्या घरांत ते अधिक तीव्र असावे, असे माझे मत आहे. डॉक्टरांच्या वा प्राध्यापकांच्या मुलाला शिबिरात जे दिसते, ते त्याच्या घराचेच पुढचे दालन असते. तेथील ताई आणि दादा त्याच्या आईसारखेच बोलतात. आमचे मूल मात्र दुसऱ्या भाषेत जाते. दहाव्या दिवशी भाऊ “पाणी” म्हणताना णचा उच्चार ताईंसारखा करू लागला, तेव्हा आईच्या ते माझ्या आधी लक्षात आले. उद्या हा आपल्या घराकडे बाहेरच्या डोळ्यांनी पाहील, ही भीती ती बोलून दाखवणार नाही. पण मी कॉलेजात जाऊ लागल्यापासून ती भीती आमच्या घरात राहायला आलेली आहे, आणि ती कोणाच्या वतीने मी ओळखते, हे सांगायला नको.

समारोपाला मुलांनी केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले होते. त्या दिवशी पालकांनी आत यावे, अशी सूचना होती, म्हणून आई आली. मातीचे हत्ती होते, शिवलिंगे होती, भुईकोट किल्ल्याचा एक बुरूज होता. माझ्या भावाने मातीचे सूप केले होते आणि त्यात मातीच्या विड्यांचे एक बंडल ठेवले होते. मला क्षणभर धडकी भरली. आजूबाजूला साड्या नेसलेल्या, अत्तर लावलेल्या बायका होत्या. आईने वाकून ते बंडल पाहिले, बोटाने मोजले आणि भावाला म्हणाली, “दोन कमी हायत की रे. पंचवीस पायजेत.” मग तिने तेथल्या मुख्य ताईंना विडी कशी वळतात, हे हातवारे करून सांगितले. ताईंनी ते मनापासून ऐकले. शेजारच्या दोन बायकाही येऊन उभ्या राहिल्या. दहा दिवसांत पहिल्यांदाच आईला त्या जागेत सांगण्यासारखे काही मिळाले होते. घरी येताना ती पटांगणाविषयी बोलत होती. सावली बरी आहे, नळ जवळ आहे, पण संडासाचे दार नीट लागत नाही, असे तिचे म्हणणे होते. हे सारे तिला अर्ध्या तासात दिसले. पहिल्याच दिवशी दिसले असते, तर लिंबाखालचे ते दिवस वाचले असते.

येथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाची आठवण होते. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना ओढून आणण्याऐवजी शाळाच वाडीत नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी कुरणशाळा काढली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. याचे महत्त्व आपण मुलांच्या दृष्टीने सांगतो. मला त्यात आईच्या दृष्टीनेही फार मोठा विचार दिसतो. अंगणात वर्ग भरला, की आई कामावरून मान वर करून पाहू शकते. मुलाला कोण काय सांगते, हे तिच्या कानावर पडते. तिला धीर धरा असे कोणी सांगण्याची गरजच उरत नाही. आजच्या शिबिरांना फाटक आहे, ते सुरक्षिततेसाठी आवश्यकही आहे. परंतु फाटक लावताना अंगणातली ती एक गोष्ट निसटली.

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी मे महिन्यात अशा शिबिरांत काम करतात, म्हणून दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिल्या दिवशी मुले येण्यापूर्वी अर्धा तास पालकांना सगळी जागा फिरवून दाखवावी. पाणी कोठे आहे, संडास कोठे आहे, मूल पडले तर कोण बघणार, हे तोंडी सांगावे. छापील पत्रक सर्वांना वाचता येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट सर्वांच्या हातात नाही. साडेअकराला मूल परत देताना त्याने आज काय केले, याचे एक वाक्य प्रत्येक पालकाला सांगावे. मुले चाळीस असली, तर चाळीस वाक्ये लागतात. गेल्या वर्षी मी ते करून पाहिले, त्याला वीस मिनिटे पुरतात. आणि पालकांपैकी ज्यांना हाताचे काही येते, मग ते कुंभारकाम असो, विणकाम असो की चादरीचे गोंडे वळणे असो, त्यांना एखाद्या सकाळी बोलवावे. आई यायला तयार आहे. विडी शिकवणार नाही, असे तिने आधीच बजावले आहे. कागदाच्या पट्टीची सुबक घडी कशी घालायची, तेवढे दाखवीन म्हणते. तिला सकाळी नऊपर्यंत मोकळे केले पाहिजे, कारण साडेनऊला कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या असतात.